कुंडगावच्या टेकडीवरची आडवी पाटी

हे लिहावं लागतंय ते एका फोटोमुळं. फोटोत मी आहे, माझ्या हातात पान्हा आहे, मी एका लोखंडी पाटीचे बोल्ट काढते आहे आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर दुसरी पाटी आहे : ‘पाट्यांना हात लावू नये.’ हा फोटो आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी काढला आणि कसलाही खुलासा न करता घरच्या ग्रुपवर टाकून दिला. दाजी ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रापलीकडं कधी काही टाकत नाहीत. फोटो पुण्याला गेला, सोलापूरला गेला आणि फिरून उमरग्यात आला. परवा मंडईत मेथी निवडताना एकीनं मला गाठलं. “ताई, तुम्ही तसल्यातल्या न्हाईत, ते ठाव हाय आमाला. पण...”

तो ‘पण’ मला सहन होत नाही. म्हणून काय झालं ते सगळं इथं लिहिते. या पानावर मी प्रवासाचंच लिहीत आले आहे, तेव्हा रस्ता, जेवण, मुक्काम हेही सांगेन. ज्यांना फक्त फोटोचं कारण हवं आहे त्यांनी धीर धरावा.

पाटीशी माझं जुनं नातं आहे, हे मान्य करते. बी.एस्सी. झाल्यावर एकतीस वर्षं मी उमरग्यातल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर बसले. तिथं भिंतीवर एकच पाटी होती : ‘नंबर पुकारल्यावर आत या.’ सगळे पाळायचे. एका दिवाळीत डॉक्टरांनी हौसेनं आणखी सहा लावल्या, शांतता राखा, चपला ओळीत ठेवा वगैरे. आठवड्याभरात लोकांनी पहिलीसुद्धा पाळणं सोडलं. मी स्टुलावर चढून सहाच्या सहा काढल्या.

आमची अक्का, म्हणजे कमल, गेल्या पौषात गेली. वर्षश्राद्धाच्या आधी दाजींचा फोन आला. दाजी फोनवर वजनकाट्यासारखे बोलतात, आकडा सांगितला की संपलं. “शालन, चार दिवस काढून ये. कमलच्या नावाची पाटी कुंडगावच्या टेकडीवर लावायचीय. वर्षश्राद्धाच्या आत.” 

कुंडगाव म्हणजे तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरून आत गेल्यावर लागणारं, टेकडीच्या पोटातल्या थंड पाण्याच्या कुंडामुळं नावारूपाला आलेलं गाव. आमचे वडील तलाठी होते आणि चार वर्षं त्यांची नेमणूक तिथं होती. मी सातवी ते दहावी तिथं केली. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कुंडापर्यंतच्या पायऱ्या आम्ही दोघी पळत चढायचो आणि अर्ध्या वाटेवरच्या विसाव्याच्या शिळेवर बसून कोण आधी आलं यावर भांडायचो. दोन उभे दगड, त्यावर एक लांब आडवी शिळा. सरपणाचा भारा घेऊन येणाऱ्या बायकाही तिथंच टेकायच्या. जायचं ठरवायला मला आणखी कारण नको होतं.

पहिला दिवस सगळा एसटीत गेला. उमरग्याहून धाराशिवची थेट गाडी मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही. उमरगा ते तुळजापूर, तुळजापूर ते धाराशिव, धाराशिव ते ढोकी अशा तीन गाड्या झाल्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तक्रार करणार नाही. उमरग्याहून सकाळी सातच्या आत निघा. उशीर केला तर हायवेवरच्या ट्रकांच्या मागं मागं जावं लागतं. धाराशिवला उतरून खव्याचे गुलाबजाम खाल्ले. दोन पुरतात, तिसरा मोहापायी घेतला जातो. तिथून ढोकीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता धरलेला असतो. गाळप चालू होतं. दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचं वाढं हलतंय, आणि मागं आमची एसटी बैलाच्या चालीनं.

कंडक्टर म्हणाला, “मावशी, कारखान्याचा काटा बंद हुईपर्यंत आपुन असंच जायचं.”

“चाळीस वर्षं माझे दाजीच बसायचे त्या काट्यावर,” मी म्हणाले.

“मग त्यास्नीच सांगा की, बिगी बिगी मापा म्हणून.”

दाजी बिगी बिगी काहीच करत नाहीत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. माणूस आत आला की त्याचंही वजन ते डोळ्यांनी करतात. ढोकीला त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात भिंतीला टेकवून पाटी उभी होती, अक्काच्या जुन्या चादरीत गुंडाळलेली. चादर काढली आणि मी दोन पावलं मागं सरले. चार फूट रुंद, दोन फूट उंच, दोन्ही बाजूंनी जाड पत्रा, आत चारी कडांना आणि मधून अँगल, खाली दोन पाइपाचे पाय बोल्टनं आवळलेले. 

“दाजी, ही पाटी आहे का पूल?”

“पाच माणसं उभी राहिली तरी वाकायची न्हाई,” ते म्हणाले. “रंगवायच्या आधी उभी करून बघितलीत.”

निळ्यावर पांढरी अक्षरं होती : ‘थांबा. दम घ्या. घाई नाही.’ आणि खाली : ‘कै. सौ. कमल यांच्या स्मरणार्थ.’ अक्षर सुरेख होतं. मजकूर मला जरा विचित्र वाटला. थांबायला सांगणारी पाटी मी पाहिली नव्हती. पण विचारलं नाही. रात्री भाकरी, शेंगाची चटणी आणि पातळ पिठलं झालं, लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या जुन्या जीपमध्ये मागं पाटी, पुढं आम्ही. वाटेत तेर लागतं. तेर चुकवू नका. विटांचं जुनं देऊळ आहे, नदीकाठ आहे, आणि वस्तुसंग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाहुल्या अशा काही बघतात की आपणच काचेच्या आत आहोत असं वाटतं. देवळाच्या सावलीत एक म्हातारे बाबा बसले होते. मी संग्रहालयाची वाट विचारली. ते उठले, कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आले, हात लांब करून दाखवलं आणि परत जाऊन जागेवर बसले. मी दाजींना म्हणाले, गावाला एवढी पाटी पुरते. दाजी हसले. त्या दिवसातलं ते एकदाच.

तुळजापूरच्या अलीकडं एका शेतात हुरडा मिळाला. गरम हुरडा, गूळ, लसणाची चटणी, वर ताक. थंडीत जाणार असाल तर धाब्यावर जेवू नका, शेतात ठोकलेलं हुरड्याचं पाल शोधा. दुपारी तीनला कुंडगावच्या फाट्यावर आलो.

आणि पाट्या सुरू झाल्या.

पहिली फाट्यावरच : ‘वाहने सावकाश चालवा.’ ठीक. तिच्यापुढं दहा पावलांवर ‘वेगावर नियंत्रण ठेवा.’ मग वळणावर ‘हॉर्न वाजवा’ आणि वळण संपायच्या आत ‘हॉर्न वाजवू नये’. दाजींनी हॉर्नवर हात ठेवला आणि तसाच ठेवून वळण घेतलं. गावात शिरल्यावर खांब कमी आणि पाट्या जास्त. ‘कचरा कुंडीतच टाका’ ही पाटी ज्या खांबावर होती तिथं कुंडी नव्हती, म्हणून लोकांनी कचरा पाटीखालीच नीट ओळीनं ठेवला होता. ‘पादत्राणे येथे काढावीत’ असं चार वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं, त्यामुळं काही भाविक पहिल्या पाटीपासूनच खडीवरून अनवाणी निघाले होते आणि बाकीचे त्यांच्याकडं कौतुकानं बघत होते. ‘रांगेत यावे.’ आम्ही दोघंच होतो. ‘फोटो काढू नयेत’ आणि तिच्याच खांबावर बाण : ‘सेल्फी पॉइंटकडे.’ ‘माकडांना खाऊ देऊ नये’ या पाटीवर माकड बसून पेरू खात होतं. मी मोजायला लागले आणि बेचाळीसवर सोडून दिलं. बाईमाणसाला जी एक माहिती लागते, ती बेचाळिसांपैकी एकीवरही नव्हती. ती मला पायथ्याशी बोरं आणि ताक विकणाऱ्या रुक्मिणबाईनं सांगितली. “शाळंच्या मागं जावा. पाटी न्हाई तिथं, म्हणून सोच्छ हाय.”

मुक्कामाला गावात तीन-चार लॉज आहेत, सातशेच्या आसपास खोली मिळते, चादरी धुतलेल्या होत्या. खोलीतही सूचना होत्याच. ‘टिकली आरशाला लावू नये.’ ‘तेलकट डोके भिंतीला टेकवू नये.’ ‘पंखा गरजेपुरता लावावा.’ गरम पाण्याचा नळ कोणता हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. तो डावीकडचा आहे.

एक गोष्ट मला संध्याकाळी चहाच्या वेळी लक्षात आली. प्रत्येक पाटीवर सूचनेपेक्षा खालची ओळ मोठी होती. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा तरणा भाऊ. पायऱ्यांच्या तोंडाशी एक पेंटर खाली बसून एका जुन्या पाटीची अक्षरं उजळत होते. रशीदभाई. साठीचे, कानामागं ब्रश, बाईमाणसाला ‘बाजी’ म्हणजे ताई म्हणणारे.

“बाजी, पहिले लोगां पायरी देत होते,” ते हात न थांबवता म्हणाले. “पायरीवर नाव. पायऱ्या सरल्या. मग बाकडी दिली. त्याच्यावर पोरं-पोरी जोडीनं बसायला लागली, समितीनं ठराव केला, बाकडी बंद, होती ती बी उचलली. आता उरली काय? पाटी. येतात न् म्हणतात, रशीदभाई, नाव मोठं लिखो.”

“आणि सूचना?”

“सूचना कायची बी चालती म्हणतात. मीच लिहितो मनानं. आता मला बी सुचत नाही. मागच्या महिन्यात एकाला ‘पाटी वाचून पुढे जावे’ लिहून दिलं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही समितीच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. टेकडीची देखभाल गावातली एक समिती करते आणि तिचे सचिव माणिकराव. सत्तरीचे, धोतर, स्वेटर, गुडघ्यांना पट्टे. दाजींनी आधी फोन केला होता आणि ‘या, बघू’ असं उत्तर मिळालं होतं. ‘या, बघू’ याचा आपल्याकडं काय अर्थ असतो ते दाजींना माहीत असायला हवं होतं.

माणिकरावांनी वही उघडली. पायथ्यापासून कुंडापर्यंत कुठं कुणाची पाटी, सगळं लिहिलेलं. बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत आले.

“पाव्हणं, जागा न्हाई.”

“अर्ध्या वाटंवर द्या. विसाव्यापाशी,” दाजी म्हणाले.

“तिथं तर सात हायत. आठवीला खड्डा घ्यायला माती न्हाई, समदा खडक.”

मी मध्ये पडले. “माणिकराव, चपला काढा असं सांगणाऱ्या चार पाट्या मी वाचल्या. एक ठेवा, तीन काढा.”

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. “ताई, तुम्ही पाटी बघायलाव. घरची माणसं नाव बघायलेत. नावाची पाटी काढली की माणूस दुसऱ्यांदा गेल्यावानी हुतंय. कुणाची काढू? तुमीच बोट ठिवा.” वही त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

मी बोट ठेवलं नाही. एकतीस वर्षांत काउंटरवर मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

“मग वर जाऊन बघून तरी येऊ,” दाजी म्हणाले. रशीदभाईंनी दोन गडी दिले, त्यांनी पाटी उचलली, आणि माणिकरावही “चला, म्या बी येतो” म्हणून काठी घेऊन निघाले. पायऱ्या तीनशेच्या आसपास असतील, जुन्या घडणीच्या, उंच. गुडघे दुखत असतील तर सकाळीच चढा आणि पाणी बरोबर ठेवा. मी न थांबता चढले. अर्ध्या वाटेवर पोचले आणि ती जागा मला ओळखूच आली नाही.

दोन उभे दगड होते, वरची शिळा नव्हती. कधीतरी तडकली आणि गेली, माणिकराव म्हणाले. दगडांच्या मागं अर्धवर्तुळात सात पाट्या उभ्या. ‘पायरीवर बसू नये.’ ‘मार्गात थांबू नये.’ ‘कठड्यावर रेलू नये.’ ‘गर्दी करू नये.’ ‘पाट्यांना हात लावू नये.’ उरलेल्या दोन उन्हानं पुसल्या होत्या, तेव्हा त्या काय नको म्हणत होत्या ते सांगता येत नाही. पुण्याकडची दिसणारी एक म्हातारी बाई पाटीच्या खांबाला धरून धापा टाकत उभी होती. तिची सून म्हणत होती, “आई, चला ना, इथं थांबू नका असं लिहिलंय.”

दाजी त्या खांबाकडं बघत राहिले. मग पायरीवर, पाटीखाली, खाली बसले. चढताना दम लागला असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

“दोन वर्सांमागं आमी आलतो,” ते म्हणाले. “कमल इथवर आली. असाच खांब धरला. म्या पुढं हुतो. वरून म्हणलं, चल की, थोडंच राहिलंय. ती खाली बसाय लागली तर रखवालदारानं शिट्टी मारली. उठली बिचारी. मला म्हणली, तुम्ही जाऊन या, मी खाली जाते. एकटीच उतरली. म्या वर गेलो, कुंड बघून आलो.”

माझ्या बहिणीला नंतर कुंड बघायला मिळालं नाही, हे मला ठाऊक होतं. ती अर्ध्यावरून परत गेली, हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्कानंही नाही.

“थांब एवढंच म्हणायचं हुतं,” दाजी म्हणाले. “ते लिहून आणलंय.”

गड्यांनी पाटी दोन्ही दगडांवर टेकवली, कारण ती जड होती आणि दुसरीकडं ठेवायला जागाच नव्हती. पाय बाजूला लोंबत होते. आणि ती म्हातारी, जिला आमचं काही माहीत नव्हतं, खांब सोडून सरळ तिच्यावर जाऊन बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिनं डोळे मिटले.

दाजी ताडकन उठले. “अवो आजी, तुमच्या खाली नाव हाय.”

ती बिचारी दचकून उठली, पाटीला हात लावून नमस्कार केला. पण मी बघितलं होतं. पाटी हलली नव्हती. दगडांमधलं अंतर आणि पाटीची लांबी, जणू मापानं केलेलं.

“दाजी, ही अशीच राहू दे,” मी म्हणाले.

“नावावर बसायचं? कमलच्या?” त्यांचा आवाज चढला. बावन्न वर्षांत माझ्यावर चढलेला मी ऐकला नव्हता. “शालन, तुझी सख्खी बहीण हाय ती.”

“म्हणूनच. अक्षरं खाली करा. वर कोरा पत्रा राहील.”

“मग वाचणार कोण? दगूड?”

त्यांनी वर्षभर एक वाक्य मनात घोळवून ते पत्र्यावर लिहून आणलं होतं आणि मी ते पालथं घालायला सांगत होते. रशीदभाई तोवर खाली वीस पायऱ्यांवर रंगाचा डबा घेऊन चढत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “काय झालं?” आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते जिथून बघत होते तिथून त्यांना पाटीची खालची बाजू दिसत होती. मी त्यांच्याजवळ उतरले. पायऱ्या उंच. खालून चढत येणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याची नजर वर असते. पाच-सहा पायऱ्या अशा आहेत की तिथून त्या बैठकीचं पोट समोर येतं.

“दाजी, खाली या. इथं उभे राहा.”

ते आले. मी पान्हा घेतला, पाय सोडवायला बसले. गड्यांना जमलं असतं, पण मला धीर नव्हता. तोच तो फोटो. आमचीच पाटी, आमचेच बोल्ट, आमचाच पान्हा. दाजींनी तो का काढला ते मी विचारलं नाही.

पाय निघाले. गड्यांनी पाटी उलटी करून दगडांवर ठेवली. खालून दाजी म्हणाले, “उफराटं दिसायलंय.” पुन्हा उचलली, फिरवली. मग मी वाकून खाली पाहिलं. 

“दाजी?”

“दिसतंय,” ते म्हणाले. “समदं न्हाई. ‘थांबा’ दिसतंय, ‘दम घ्या’ दिसतंय. आन् कमल.”

आता माणिकरावांचा प्रश्न उरला. ते काठीवर रेलून हे सगळं बघत होते. “बाकड्याचा ठराव हाय, ताई,” ते म्हणाले. “बाक बंद.”

“बाक कुठं आहे? ही पाटी आहे. तुमच्या वहीत पाटीच लिहायची. पाटी उभीच पाहिजे असा ठराव झालाय का?”

त्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं, हे मला सांगायलाच हवं. “तसा झाला न्हाई,” ते म्हणाले. मग त्यांनी काठी कठड्याला लावली, गुडघ्यांवरचे पट्टे सारखे केले आणि त्या पत्र्यावर सावकाश बसले. “सत्तर वर्स झाली चढायलो,” ते म्हणाले. “शिळा गेल्यापास्नं पहिल्यांदा बूड टेकलं.” आणि सरकून म्हाताऱ्या बाईला जागा केली.

रशीदभाईंनी ब्रश कानामागून काढला. “बाजी, वर मोठं लिहितो. ‘येथे बसावे.’”

“काही लिहायचं नाही.”

“बारीक?”

“रशीदभाई.”

त्यांनी ब्रश परत ठेवला. पण दोन्ही दगडांच्या खाचांत सिमेंट भरून पत्रा पक्का करायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पुरं केलं. ते वाळेपर्यंत रुक्मिणबाई वर येऊन राखण करत बसली. तिला आमच्या पाटीचे दोन पाइप हवे होते, पायथ्याच्या तिच्या पालाला आधार म्हणून. देऊन टाकले. सकाळी निघण्याआधी मी पुन्हा चढून पाहिलं. दोन शाळकरी मुली बसून कोण आधी आलं यावर वाद घालत होत्या. मग मी आणि दाजी कुंडापर्यंत गेलो. पाणी पूर्वीइतकंच थंड आहे. दाजींनी ओंजळभर पाणी अंगावर घेतलं, माझ्याकडं बघून म्हणाले, “चल शालन, सावकाश उतर.”

ढोकीला परतून वर्षश्राद्ध झालं, लाडू झाले, मी उमरग्याला आले. आठवडा होऊन गेला. कुंडगावच्या पाट्यांतली एकही कमी झालेली नाही, हे मला मान्य आहे. मी एक वाढवून आले. वही माझ्यापुढं सरकवली गेली तेव्हा माझं बोट कुठं गेलं नाही, हेही लक्षात राहिलंय. ज्या पाट्यांवर मी दोन दिवस हसत होते त्यांतली प्रत्येक कुणीतरी अंगणात चादरीत गुंडाळून ठेवली असणार. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पाट्या वाचा, नाही वाचल्या तरी चालेल. खालची नावं मात्र वाचा. आणि अर्ध्या वाटेवर बसा. कुणी शिट्टी मारली तर त्याला माणिकरावांच्या वहीचं शेवटचं पान बघायला सांगा. त्याची नक्कल मी मागून घेतली, कारण लोक ‘पण’ म्हणतात. ती अशी आहे :

‘पोच. लोखंडी पाटी, एक नग, चार फूट बाय दोन फूट, कै. सौ. कमल यांच्या स्मरणार्थ, त्यांचे यजमान व धाकटी बहीण यांजकडून. अर्ध्या वाटेवर, विसाव्याच्या दगडांवर, आडवी बसवली. अक्षरे खालच्या बाजूस. पाइप दोन, रुक्मिणबाई यांस दिले. बोल्ट आठ, समितीकडे जमा. पान्हा एक, बहिणीस परत. पाटी मिळाली. सचिवांनी बसून पाहिली.’